अबू हलीफ्यातला कॉलेजचा वर्ग

नीरजा गायधनी कुवेतला आली आणि पहिली तीन वर्षं तिला कुणी 'बाई' म्हणून हाक मारली नाही. नाशिकला ज्युनियर कॉलेजात ती गणित शिकवायची, तेव्हा भाजीवालीपासून पोस्टमनपर्यंत सगळे तिला गायधनी बाई म्हणत. इथे इमारतीचा राखणदार मॅडम म्हणायचा, खालच्या बकाल्यातला मलबारी दुकानदार बहनजी म्हणायचा आणि इकाम्यावर, म्हणजे राहण्याच्या परवान्यावर, तिच्या नावासमोर गृहिणी असं लिहिलेलं होतं. ते खोटं नव्हतं. पण सकाळी नवरा आणि मुलगा घराबाहेर पडले की त्या शब्दाकडे बघून तिला कसंतरीच व्हायचं.

ती आली ते १९९३ साल होतं. लढाई संपून दोन वर्षं झाली होती, तरी अबू हलीफ्याच्या किनाऱ्यावर वाळूत उतरू नका अशा पाट्या अजून होत्या, कारण पुरलेले सुरुंग सगळे निघाले की नाही याची कुणालाच खात्री नव्हती. त्यामुळे समुद्र समोर असून तो फक्त बाल्कनीतून बघायचा. आदित्य, तिचा नवरा, शुऐब्याच्या पेट्रोकेमिकल कारखान्यात इन्स्ट्रुमेंट इंजिनिअर होता. उजाडायच्या आत कंपनीची बस त्याला घेऊन जायची. सात वर्षांचा मयूर शाळेत. मग नीरजा पोळ्या करायची, कपडे वाळत घालायची, आणि दुपार अंगावर यायला लागली की लोणच्याच्या बरण्यांबरोबर नाशिकहून आणलेलं बी.एस्सी.चं जुनं पुस्तक काढून गणितं सोडवत बसायची. उत्तरं तिला पाठ होती. तरी सोडवायची.

अशी तीन वर्षं गेल्यावर मयूरच्या शाळेतली गणिताची शिक्षिका बाळंतपणाच्या रजेवर गेली आणि काही आठवड्यांसाठी म्हणून नीरजाला बोलावलं गेलं. शाळा अमेरिकन पद्धतीची. कुवेती, इजिप्शियन, लेबनीज, फिलिपिनो, भारतीय अशी सगळ्या देशांची पोरं एका वर्गात. पहिल्या दिवशी नीरजाच्या इंग्रजीला मागच्या बाकांवरून हसू आलं. तिने हसू दिलं. मग फळ्यावर एक गणित घातलं आणि म्हणाली, "ज्याला हे माझ्याआधी सुटेल त्याने माझं इंग्रजी दुरुस्त करावं." तासभर कुणी बोललं नाही. रजेवर गेलेली शिक्षिका परत आली नाही आणि नीरजा तिथेच राहिली.

त्या शाळेत आणखी एक मराठी माणूस होता, हे तिला दुसऱ्या आठवड्यात कळलं. दुपारी बसगाड्या सुटताना कुणीतरी ड्रायव्हरला हिंदीत समजावत होता आणि मध्येच स्वतःशी पुटपुटला, "ह्याला काय सांगून उपेग नाय." नीरजा थबकली. तो कासम बुरोंडकर, शाळेच्या सगळ्या बसगाड्यांचा कारभार बघणारा. दापोलीच्या बाजूचा. पंचविशीत कुवेतला आलेला, जलीबला एका खोलीत सातजणांबरोबर राहिलेला, लढाईत सगळं टाकून गावी पळालेला आणि पुन्हा येऊन आता बायको-मुलीला घेऊन मंगफला स्थिरावलेला.

"तुम्ही मराठी?" नीरजाने विचारलं.

"मग काय अरबी?" कासम म्हणाला. आणि मग एकदम संकोचून, "तुमी नवीन बाई ना गणिताच्या?"

कुवेतमध्ये तिला पहिल्यांदा बाई म्हणणारा माणूस हा असा भेटला. पुढची बारा-तेरा वर्षं तो तिला बाई म्हणत राहिला आणि ती त्याला कासमभाई.

२००१ साली शाळेच्या मुख्याध्यापिकेने एक नवीच गोष्ट आणली. ही बाई उंच, हाडापेराने मोठी, अमेरिकेतल्या कुठल्याशा मक्याच्या शेतांच्या गावातून आलेली. तिच्या गावाकडच्या एका कॉलेजाशी तिने बोलणं केलं होतं. अकरावी-बारावीतल्या मुलांनी शाळेतच बसून त्या कॉलेजचे काही विषय शिकायचे, कॉलेजच्याच परीक्षा द्यायच्या आणि पास झालं की कॉलेज त्याची क्रेडिट देणार. म्हणजे उद्या पदवीला गेल्यावर तेवढे विषय झालेले धरले जाणार. फी काही नाही. कॉलेजला परदेशातून विद्यार्थी हवे होते, शाळेला नाव हवं होतं. अट एकच होती, शिकवणाऱ्याकडे एम.एस्सी. हवी.

गणितात एम.एस्सी. झालेली शाळेत एकटी नीरजा होती. पुणे विद्यापीठाची ती पदवी आठ वर्षं सुटकेसच्या तळाशी होती. ती तिने काढली, कॉलेजला पाठवली आणि महिन्याभराने तिकडून कळलं की मिसेस गायधनी आमच्या कॉलेजच्या अध्यापक म्हणून मान्य आहेत. त्या संध्याकाळी आदित्य कारखान्यातून आला तर घरात पुरणपोळीचा वास. त्याने विचारलं, आज काय आहे. ती म्हणाली, "आज मी कॉलेजात परत गेले."

फुकट आहे म्हटल्यावर मुलांची रांग लागेल असं मुख्याध्यापिकेला वाटलं होतं. झालं उलटंच. कुवेती पालकांना वाटलं, शाळा आपल्या मुलांना जादा राबवतेय. भारतीय पालकांना वाटलं, यात काहीतरी गोम आहे. महाराष्ट्र मंडळाच्या कोजागरीला आदित्यचा साहेब रविकांत राजगुरू मसाला दूध पीत सगळ्यांसमोर म्हणाला, "वहिनी, जे फुकट मिळतं ते तिकडे कुणी विचारत नाही. आमच्या शर्वरीला आम्ही आयआयटीच्या क्लासला घातलंय." नीरजाने हसून विषय बदलला. 

शेवटी वर्ग जमला तो मूठभर मुलांचा. त्यात मयूर होता, कारण त्याला पर्याय नव्हता. यूसुफ होता, इजिप्तच्या एका औषधविक्रेत्याचा मुलगा, बडबड्या आणि हुशार. तीन-चार जण मित्रांमागून आलेले. आणि नीरजाला हवी होती कासमभाईंची मुलगी खैरुन्निसा, म्हणजे खैरू. शाळेत नोकरी करणाऱ्यांच्या मुलांना फी माफ असायची म्हणून ती तिथे शिकत होती. वर्गात ती आवाज करायची नाही, हात वर करायची नाही, पण पेपरात तिची उत्तरं अशी असायची की नीरजा ते पेपर शेवटी तपासायला ठेवायची, दिवस चांगला संपावा म्हणून.

ती मुद्दाम मंगफला त्यांच्या घरी गेली. कासमच्या बायकोने, फरजानाभाभींनी, तळलेली सुरमई पुढे ठेवली, मग आठवलं की बाई खात नाहीत, मग घाईने साखरेच्या शेवया केल्या. नीरजाने सगळं समजावलं. कासम ऐकत होता.

"बाई, पोरगी बारावीनंतर मुंबईला जानार," तो म्हणाला. "माजी भैन हाय डोंगरीला, तिच्याकडे ऱ्हाईल. कॉलेज मुंबईचा. मग ह्या अमेरिकेच्या क्रेडिटचा तिकडे काय उपेग?"

"मला माहीत नाही, कासमभाई," नीरजा म्हणाली. "मी मुंबईला विचारलंय, उत्तर आलेलं नाही. कदाचित नाहीच होणार उपयोग."

"मग कशाला करायचा?"

 नीरजा खैरूकडे बघायला लागली. खैरू ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "अब्बा, मला आवडतं म्हणून."

फरजानाभाभी आतून म्हणाल्या, "दोन तास उशिरा येनार तेवढाच ना. नायतरी घरी येऊन तीच गनिता करते."

असा तो वर्ग सुरू झाला. शाळा सुटल्यावर, सगळ्या इमारतीत सामसूम झाल्यावर. नीरजाला पुढे कुवेतची आठवण आली की आधी ही दुपार आठवायची. एसीची घरघर, खडूची धूळ, बाहेर पिवळं ऊन आणि वर्गात सहा-सात डोकी खाली वाकलेली. मयूर तिला वर्गात मिस म्हणायचा. घरी आल्यावर "आई, काय आहे खायला" म्हणायचाही नाही, "मॉम, व्हॉट्स देअर टु ईट" म्हणायचा. पण वर्गात एकदा अडलेलं गणित सुटलं तेव्हा त्याच्या तोंडून नकळत "हां, आत्ता कळलं" असं निघून गेलं आणि सगळी मुलं मागे वळून बघायला लागली. त्या तीन शब्दांवर नीरजाने तो आठवडा काढला.

पहिलं वर्ष उत्तम गेलं. मुख्याध्यापिका स्वतः निबंधलेखन शिकवायची, दुसरा एक शिक्षक संख्याशास्त्र. दोन वर्षांत मिळून कॉलेजचं जवळजवळ एक वर्ष पदरात पडेल असा हिशेब होता.

दुसरं वर्ष निम्म्याच्या पुढे गेलं आणि २००३ चा मार्च उजाडला. उत्तरेला इराकच्या सीमेकडे फौजा जात होत्या. रस्त्यांवर रणगाडे लादलेल्या ट्रकांची रांग दिसायची. दुकानांतून पाण्याच्या बाटल्या, चिकटपट्ट्या आणि प्लॅस्टिकचे तागे संपले. भारतीय कुटुंबांनी बायका-मुलांना गावी पाठवायला सुरुवात केली. राजगुरू वहिनी शर्वरीला घेऊन पुण्याला गेल्या. शाळा बंद झाली. पुन्हा कधी उघडेल, कुणी सांगू शकत नव्हतं.

आदित्यला कारखाना सोडता येणार नव्हता. तो म्हणाला, "तू मयूरला घेऊन नाशिकला जा."

"वर्गाचं काय?"

"नीरजा, लढाई होणार आहे."

"मला माहीत आहे," ती म्हणाली. "तू राहणार आहेस ना? मग आम्हीही राहतो."

कॉलेजकडून निरोप आला तो फार समजूतदार होता. परिस्थिती बघता हे सत्र रद्द धरू, मुलांच्या नावावर काही उणं लागणार नाही. मात्र क्रेडिटही मिळणार नाहीत. मुलांना पुढे न्यायचंच असेल तर तास कुठेही घ्या, पण तास झाले पाहिजेत आणि मे महिन्यात परीक्षा झाली पाहिजे. नीरजाने एकेकाला फोन केला. दोघं जण आधीच देश सोडून गेले होते. उरलेल्यांनी सांगितलं, शिकवा. यूसुफ म्हणाला, "मिस, घरात बसून टीव्हीवर लढाई बघण्यापेक्षा काहीही चालेल."

कासमने शाळेची लहान व्हॅन मागून घेतली. सकाळी उजेडात मुलांना गोळा करायचा, अबू हलीफ्याला नीरजाच्या घरी सोडायचा आणि तास संपेपर्यंत तिथेच थांबायचा. बाहेरच्या खोलीला मोठ्या काचा होत्या, त्यांवर पट्ट्यांच्या फुल्या मारलेल्या. तिथे बसायचं नाही असं आदित्यने बजावलं होतं. म्हणून वर्ग भरायचा आतल्या जेवणाच्या जागेत. फळा नव्हता. पांढरा मोठा फ्रिज होता. नीरजा त्याच्या दारावर मार्करने लिहायची. कुणाला पाणी हवं झालं की दार उघडायचं आणि अर्धं गणित भिंतीकडे फिरायचं. मग सगळे ओरडायचे, थांब, अजून उतरवलं नाही. कासम स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून सगळ्यांसाठी चहा करायचा. साखर जास्त घालायचा. नीरजाने एकदा सांगून बघितलं, मग सोडून दिलं.

लढाई सुरू झाली आणि भोंगे वाजायला लागले. पहिल्यांदा भोंगा वाजला तेव्हा नीरजा फ्रिजसमोर उभी होती, हातात मार्कर. ठरल्याप्रमाणे सगळे मधल्या बोळात गेले, तिथे खिडकी नव्हती. विषारी वायू आत येऊ नये म्हणून दाराच्या फटीला ओलं फडकं लावलं. अंधारात मुलांचे श्वास ऐकू येत होते.  एक मुलगी रडायला लागली. नीरजाने तिला जवळ घेतलं, पण शुऐब्याला, एवढ्या सगळ्या टाक्यांच्या मध्ये, आदित्य काय करत असेल हा विचार तिच्या डोक्यातून जात नव्हता.

"नव्वद साली आमाला कोनी भोंगा वाजवून सांगितला नव्हता," कासम अंधारात म्हणाला. मग सगळ्यांना समजावं म्हणून मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगायला लागला. "सकाळी पाव आणायला खाली उतरलो तर गल्लीत रणगाडा. वर बसलेला शिपाई पोरगेलासा होता. त्याने मला विचारलं, पाणी आहे का. मी पाणी दिलं. मग वर गेलो आणि पाय कापायला लागले, ते संध्याकाळपर्यंत थांबले नाहीत."

"मग तुम्ही काय केलंत?" त्या रडणाऱ्या मुलीने विचारलं.

"काय करणार? ज्यासाठी गेलो होतो ते राहिलंच होतं. पुन्हा खाली जाऊन पाव आणला."

कुणीतरी हसलं. मग सगळेच हसले, गरजेपेक्षा जास्त. आणि ते हसू विरत असताना खैरूचा आवाज आला. वर्गात कधी न बोलणारी ती पोरगी म्हणाली, "मिस, ते फ्रिजवरचं, तिथे दुसऱ्या पायरीत उणे चिन्ह हवं."

नीरजाने डोळे मिटून आठवून बघितलं. हवं होतं. "तू सांग पुढे," ती म्हणाली. आणि खैरूने त्या अंधाऱ्या बोळात पुढचं सगळं गणित तोंडी सोडवलं, पायरी पायरीने, तिच्या हळू आवाजात. बाकीचे मनातल्या मनात तिच्या मागून जात होते. धोका टळल्याचा भोंगा वाजला तेव्हा एक पायरी उरली होती. ती झाल्यावरच ते उठले.

नीरजाने पुढे पुष्कळ वर्षं पुष्कळ वर्ग शिकवले. त्या बोळातल्यासारखा वर्ग पुन्हा मिळाला नाही.

एप्रिलमध्ये भोंगे थांबले, हळूहळू शाळा उघडल्या, मे महिन्यात परीक्षा झाली. पेपर कॉलेजकडे गेले आणि जूनच्या भर उन्हाळ्यात निकाल आला. सगळे पास होते. खैरू पहिली, मयूर तिच्या खालोखाल. मुख्याध्यापिकेने केक आणला आणि सगळ्यांनी तो वितळायच्या आत खाल्ला.

ऑगस्टमध्ये मयूर अमेरिकेला गेला. तिकडच्या विद्यापीठाने त्याची क्रेडिट एका शब्दाने मान्य केली. आणि त्याच महिन्यात खैरू मुंबईला गेली.

तिचा फोन आला तो आठ दिवसांनी. मागे डोंगरीच्या रस्त्याचा गलका होता.

"मिस, कॉलेजच्या ऑफिसात दाखवलं. ते म्हणाले, असं काही आमच्याकडे नसतं. पहिल्या वर्षापासून बसा."

"सगळं पुन्हा?"

"सगळंच. तेच डेरिव्हेटिव्ह." मग ती म्हणाली, "मिस, मला वाईट नाही वाटलं. म्हणजे वाटलं, पण तुम्ही आधी सांगितलं होतं."

फोन ठेवल्यावर नीरजा स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिली. तिला राजगुरूंचं वाक्य आठवलं आणि स्वतःचा राग आला. दुसऱ्या दिवशी शाळेत कासम दिसला तर ती नजर चुकवून जाणार होती. त्यानेच गाठलं. "बाई, तुमी बोललाच होतात म्हायती नाय म्हनून. ती बोलते, वर्गातल्या पोरी तिच्याकडे गनित विचारायला येतात. तिची मजा चाललीय तिकडे." खरंच मजा चालली होती की नाही, नीरजाने विचारलं नाही. तो तिच्यासाठी बोलत होता हे तिला कळत होतं.

दुसऱ्या वर्षाच्या मध्यात फरजानाभाभींना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा अडखळायला लागली. खैरू मुंबईचं शिक्षण सोडून कुवेतला परतली. कुणी तिला ये म्हटलं नव्हतं. ती आली आणि घर हातात घेतलं. आईला भरवायचं, अंघोळ घालायची, व्यायाम करून घ्यायचे, बापाचा डबा. नीरजा आठवड्यातून एकदा जायची. खैरू हसून बोलायची, पण तिच्या बोलण्यात एकदाही गणित यायचं नाही. एके दिवशी निघताना नीरजाच्या लक्षात आलं, पोरीने पेन धरून किती दिवस झाले असतील कुणास ठाऊक.

त्या सुमाराला कुवेतमध्ये अमेरिकन पद्धतीची खासगी विद्यापीठं नव्यानेच निघाली होती. त्यातल्या एकाची जाहिरात नीरजाने पाहिली. दुपारचे वर्ग, हवे तेवढेच विषय घेण्याची मुभा. ती कासमला न सांगता एकटीच तिथे जाऊन आली. प्रवेशाच्या टेबलावर एक तरुण लेबनीज मुलगी होती. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "त्या कॉलेजने आम्हाला थेट कळवलं तर क्रेडिट नक्की धरू. तेवढी फीही कमी लागेल."

नीरजा त्याच संध्याकाळी फोनला बसली. तिकडे तेव्हा सकाळ असायची. कॉलेजचा नंबर बंद. दुसऱ्या नंबरवर कळलं, ते कॉलेज नुकतंच एका मोठ्या विद्यापीठात मिसळून गेलंय. तिथे फोन केला तर इकडून तिकडे, तिकडून इकडे. दोन आठवडे हेच चाललं. आदित्य जेवायला थांबून राहायचा. शेवटी एक म्हातारी बाई फोनवर सापडली, जुन्या कॉलेजात आयुष्य घालवलेली. तिने नाव विचारलं, साल विचारलं.

"दोन हजार तीन, वसंत सत्र, कुवेत," ती थोड्या वेळाने म्हणाली. "पण तेव्हा तर तिकडे लढाई होती. वर्ग झाले होते का खरंच?"

"झाले होते," नीरजा म्हणाली. "माझ्या घरात, फ्रिजसमोर."

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. मग ती बाई म्हणाली, "आहे इथे. बुरोंडकर. छान गुण आहेत. मी आजच कळवते."

नीरजाने हे सांगायला मंगफ गाठलं तेव्हा कासम नमाज आटपून बसला होता. फरजानाभाभी पलंगावर उशीला टेकून. नीरजाने सांगितलं की पोरीचं जवळजवळ एक वर्ष जमेला आहे, आणि मुंबईचेही काही विषय धरतील. खैरू उंबऱ्यात उभी होती. ती म्हणाली, "मिस, अम्मीला दुपारी कोण बघणार?"

"मी बघनार," कासम म्हणाला. "सकाळच्या पाळीला लावून घेतो. दुपारी घरी."

फरजानाभाभींनी डावा हात हलवला. त्यांना काहीतरी बोलायचं होतं. सगळे थांबले. शब्द यायला वेळ लागला. "जा," त्या म्हणाल्या. एवढंच.

खैरू गेली. घर सांभाळून, एका वेळी दोन-तीन विषय घेत, तिने तीन वर्षांत पदवी पूर्ण केली. पहिल्या सत्रात तिची गणितं चुकायची. ती नीरजाकडे यायची आणि रडकुंडीला येऊन म्हणायची, हात बसत नाहीये. मग दोघी जेवणाच्या टेबलावर बसायच्या. तिसऱ्या महिन्यात ती यायची थांबली, तेव्हा नीरजाला कळलं की हात बसला.

मयूरने त्याआधीच, चारऐवजी तीन वर्षांत, पदवी संपवली होती. त्याचा फोन आला, "मॉम, आय ॲम डन अ यिअर अर्ली." नीरजाला इतका आनंद झाला की तिने त्याच्या खोलीच्या चादरी बदलल्या. एक वर्ष वाचलंय, तर पोरगा चार महिने तरी येईल, आंबे खाईल, बाल्कनीत पाय पसरून बसेल. तो आला नाही. त्याला लगेच नोकरी लागली होती, सियाटलला. आदित्य म्हणाला, "अगं, चांगलंच आहे की." चांगलंच होतं. ते वर्ष तिनेच त्याला मिळवून दिलं होतं आणि ते त्याने त्याला हवं तसं खर्चलं. यात चुकीचं काही नव्हतं. तरी त्या चादरी तिने बरेच दिवस तशाच ठेवल्या.

खैरूच्या पदवीदान समारंभाला कासमने गायधनींना आपल्याबरोबर पुढच्या रांगेत बसवलं. फरजानाभाभी चाकांच्या खुर्चीत, नवी जांभळी साडी नेसून. नाव पुकारलं गेलं तेव्हा कासमने टाळ्या वाजवल्या नाहीत. तो दोन्ही हात मांडीवर ठेवून नुसता बघत राहिला. पुढे खैरूला कुवेत शहरात एका विमा कंपनीत नोकरी लागली. माणसं सरासरी किती जगतील याची गणितं करायची असतात, असं ती सांगायची, आणि वर म्हणायची, "अब्बांना सांगू नका, घाबरतील."

२००९ मध्ये आदित्य निवृत्त झाला. इकामा संपत आला. सोळा वर्षांचं घर पंधरा दिवसांत रिकामं करायचं होतं. सोफा एका केरळी कुटुंबाने नेला, भांडी फिलिपिनो शेजारणीने. समुद्रावरच्या सुरुंगाच्या पाट्या केव्हाच गेल्या होत्या; तिथे आता लोक चटया टाकून बसत. नीरजा आणि आदित्य रोज संध्याकाळी तिकडे फिरायला जायला लागले. अठरा-अठरा तास काम करण्याच्या वर्षांत ते राहून गेलं होतं.

शाळेत तिच्या जागी एक तरुण जॉर्डनचा शिक्षक आला होता. शेवटच्या दिवशी तिने त्याला वर्गापर्यंत नेलं. क्रेडिटचा वर्ग, आता त्या मोठ्या विद्यापीठाच्या नावाने चालणारा, एवढा मोठा झाला होता की बाकं कमी पडत होती. प्रवेशासाठी चाचणी घ्यावी लागायची. मुलं बसलेली होती, गप्पा चाललेल्या.

"कुठपर्यंत आलंय?" त्याने विचारलं.

तिने पान दाखवलं. "इथे ते अडतात," ती म्हणाली. "घाई करू नका. दोन दिवस जाऊ देत."

त्याने मान हलवली आणि आत गेला. नीरजा थोडा वेळ बाहेर उभी राहिली. त्याचा आवाज चढा होता, अक्षर मोठं आणि तिरकं. मुलांनी वह्या उघडल्याचा आवाज आला. मग ती जिन्याकडे वळली. खाली आवारात बसगाड्या लागत होत्या आणि कासमभाई एका नव्या ड्रायव्हरला, कोणती गाडी आधी काढायची, ते हातवारे करून समजावत होते.